आधी बेस ऐका : जुन्या कंट्री संगीतातील शफल

एका वाचकांनी विचारलेला प्रश्न असा आहे. 1950 आणि 1960 च्या दशकांतील अमेरिकन कंट्री संगीताचे चित्रित कार्यक्रम ते अलीकडे आवडीने पाहतात. रे प्राइस आणि अर्नेस्ट टब हे त्यांचे विशेष आवडते गायक, परंतु महिनाभर ऐकल्यावर सगळी गाणी एकाच साच्यातून काढल्यासारखी वाटू लागली. तेथील जाणकार ज्याला ‘शफल’ म्हणतात तो ठेका नेमका कोणता, वादक जवळजवळ न हलता उभे असताना तो इतका झुलता कसा लागतो, आणि हे संगीत ऐकण्याची काही रीत आहे का, असे त्यांनी विचारले आहे. आपण काही वर्षे तबला शिकलो आहोत आणि हा ठेका तबल्यावर वाजवून पाहण्याची इच्छा आहे, असेही त्यांनी कळवले आहे. हे त्यांनी सांगितले ते बरे झाले, कारण त्यामुळे समजावण्याचे निम्मे काम हलके होते.

मी पुण्यात ऑर्केस्ट्रांमधून बेस गिटार वाजवत असे. नोकरीनिमित्त टेक्ससला आल्यानंतर गेली वीसहून अधिक वर्षे शनिवारी रात्री इथल्या नृत्यगृहांत तेच वाद्य, आणि पुढे डबल बेसही (व्हायोलिनच्या घराण्यातले, माणसाएवढे उंच, खर्जाचे वाद्य), वाजवतो आहे. तेव्हा माझे उत्तर बेसवाल्याचे आहे आणि त्यात थोडा पक्षपात असणार, हे आधीच सांगून टाकतो. आपली अडचण मला अशी दिसते की आपण ही गाणी वरून खाली ऐकता: आधी गायक, मग फिडल, म्हणजे व्हायोलिन, आणि तारांवर दांडा सरकवून वाजवायची स्टील गिटार, आणि जमलेच तर तळाशी काय चालले आहे ते. शफलची सगळी गंमत तळाशी असल्यामुळे ती आपल्यापर्यंत शेवटी पोहोचते, किंवा पोहोचतच नाही. काही दिवस उलट्या क्रमाने ऐकून पाहावे.

प्रथम ठेका समजून घेऊ. चार मात्रांचे आवर्तन घ्या आणि प्रत्येक मात्रेचे तिस्र जातीत तीन समान भाग करा. त्यांतला मधला भाग गाळला की पहिला आणि तिसरा आघात उरतो: ‘धा–गे, धा–गे, धा–गे, धा–गे’, असा लांब-आखूड, लांब-आखूड. मिनिटाला 120 मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते. तिचा पहिला तुकडा सेकंदाचा एक तृतीयांश, तर दुसरा एक षष्ठांश. हे झाले कागदावरचे गणित. प्रत्यक्षात लय वाढली की दोन तुकडे हळूहळू समान होऊ लागतात आणि लय उतरली की त्यांच्यातील फरक वाढतो. किती वाढू द्यायचा, यावरच एका बँडचा शफल दुसऱ्याहून वेगळा ठरतो. भजनी ठेक्यात मुरलेला पखवाजवादक मात्रेचे दोन तुकडे कधी कातरीने कापल्यासारखे सारखे करत नाही, हे आपण ऐकलेले असेल. ओ. पी. नय्यर यांच्या टांग्याच्या ठेक्यातील गाण्यांमध्ये घोड्याच्या टापा जशा पडतात, त्यांचीही चाल याच कुळातील आहे. म्हणजे कान तयार आहेत, फक्त त्यांना जागा दाखवायची आहे.

आता त्याचा इतिहास, कारण तो कळल्याशिवाय जुन्या चित्रफितींमध्ये काय बदलत होते ते दिसत नाही. 1953 च्या पहिल्याच दिवशी कंट्रीचे त्या काळचे मोठे गायक हँक विल्यम्स यांचे निधन झाले. त्यांच्या काळापर्यंतच्या, नॅशव्हिल या टेनेसीतील कंट्री संगीताच्या केंद्रात झालेल्या बहुतेक कंट्री ध्वनिमुद्रणांत ड्रम नसे. बेस पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर षड्ज आणि पंचम देई, दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर गिटारवादक तारा दाबून ‘चक्’ असा कोरडा आवाज काढी. टम-चक, टम-चक: साधी, स्वच्छ, दोन पावलांची चाल. ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमात, म्हणजे 1943 ते 1974 या काळात रायमन सभागृहाच्या मंचावर, ड्रमला बराच काळ मज्जावच होता. पुढे परवानगी मिळाली तीही आधी केवळ एका स्नेअरपुरती, म्हणजे काडीने वाजवायच्या एका छोट्या ड्रमपुरती. शहरी, नाचगाण्यांच्या अड्ड्यांवरचे वाद्य म्हणून त्याकडे पाहिले जाई. हार्मोनियमविषयी आपल्याकडे आकाशवाणीने घेतलेला पवित्रा आठवला तर ही वृत्ती परकी वाटणार नाही.

टेक्सस आणि ओक्लाहोमा येथे मात्र गोष्ट वेगळी होती. तिथे संगीत नाचण्यासाठी होते. बॉब विल्स यांनी 1935 मध्येच आपल्या टेक्सस प्लेबॉइज या बँडमध्ये स्मोकी डेकस हा ड्रमवादक घेतला. टल्सा येथील केन्स बॉलरूममध्ये हा बँड जे वाजवत असे त्यात फिडल आणि स्टील गिटार शेतकऱ्यांची, पण लय जॅझची होती. बेस तिथे चारही मात्रांवर चालत असे. दुसरीकडे, खुद्द शफलचा झोका कृष्णवर्णीय वादकांच्या बूगी-वूगी पियानोतून आणि लुई जॉर्डन यांच्यासारख्यांच्या 1940 च्या दशकातील नाचऱ्या ब्लूजमधून आलेला आहे. कंट्रीचे अनेक चाहते हा भाग सोयीस्करपणे विसरतात, म्हणून मी तो मुद्दाम सांगतो.

रे प्राइस 1926 मध्ये पूर्व टेक्ससात जन्मले. पशुवैद्यक होण्याचे शिक्षण अर्धवट सोडून गाण्याकडे वळलेला हा माणूस नॅशव्हिलला आला तेव्हा हँक विल्यम्स यांनी त्यांना हाताशी धरले. काही काळ ते एकाच घरात राहत. हँक गेल्यावर त्यांच्या बँडमधील वादक प्राइस यांच्यासोबत वाजवू लागले आणि त्यातच पेच निर्माण झाला. तुम्ही अगदी हँकसारखे गाता, असे लोक कौतुकाने म्हणत आणि तेच ऐकून प्राइस यांनी ठरवले की आता हे थांबले पाहिजे. त्यांनी चेरोकी काउबॉइज नावाचा स्वतःचा बँड बांधला आणि टेक्ससच्या नृत्यगृहांतील चार मात्रांचा चालता बेस नॅशव्हिलच्या स्टुडिओत आणला. 1956 मध्ये ‘क्रेझी आर्म्स’ आले. त्याच वर्षी एल्विस प्रेस्लीच्या लाटेने भलेभले कंट्री गायक हतबल झाले होते, आणि नेमक्या त्याच वर्षी हे गाणे बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाच्या कंट्री यादीत 20 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. रॉक अँड रोलला कंट्रीने दिलेले हे उत्तर होते, आणि गंमत म्हणजे ते उत्तरही नाचायलाच लावणारे होते.

हे गाणे समोर ठेवून आपण ऐकण्याचा सराव करू.

पहिल्या वेळी फक्त बेस. शक्य असल्यास चांगले हेडफोन वापरा, कारण फोनच्या स्पीकरमधून डबल बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. आपल्या तक्रारीचे एक मोठे कारण कदाचित हेच असेल. बेसची चाल साधारण अशी असते: सा ग प ध, मग वरचा सा आणि पुन्हा ध प ग. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह, बदलली की तीच चाल मध्यमावरून किंवा पंचमावरून. प्रत्येक मात्रेला एक स्वर, त्यात तिस्र वगैरे काही नाही. चार सरळ पावले. झोका देणारा शफल वरच्या थरात, ड्रमच्या काडीत किंवा ब्रशमध्ये आणि गिटारच्या हातात असतो, तर बेस खाली संथपणे चालत राहतो. या दोन गोष्टी एकमेकींवर घासतात तेव्हा तो झुलता परिणाम निर्माण होतो. दोन्ही थर झुलू लागले तर गाणे लंगडे होते. दोन्ही सरळ चालले तर कवायत होते.

हे मला पुस्तकातून कळले नाही. टेक्ससमधील माझ्या पहिल्याच नृत्यगृहात मी पुण्याच्या सवयीने बेसवर बऱ्याच करामती केल्या. स्वरांच्या मधे स्वर, छोट्या ताना, कॉर्ड बदलताना उड्या. तिसऱ्या गाण्यापर्यंत नाचणाऱ्यांपैकी निम्मी जोडपी खुर्च्यांवर जाऊन बसली. मध्यंतरात आमच्या स्टील गिटारवादकाने, ते तेव्हा सत्तरीच्या घरात होते, मला बाजूला घेतले आणि रागावून नव्हे तर अगदी सौम्यपणे सांगितले की मात्रेला एकच स्वर वाजव, चारही स्वर सारख्या लांबीचे ठेव आणि पुढचा स्वर येईपर्यंत मागचा सोडू नकोस. शेवटची सूचना मला त्या वेळी क्षुल्लक वाटली. ती क्षुल्लक नव्हती. स्वर लवकर सोडला की दोन पावलांमध्ये फट पडते आणि नाचणाऱ्याला ती टाचेखाली जाणवते. स्वर पुरता धरला की पाऊल जमिनीवरून सरकत जाते. टेक्ससमधील टू-स्टेप नाचात जोडपी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सभागृहाला फेऱ्या घालतात आणि पावले उचलण्यापेक्षा सरकवतात. शफल या शब्दाचा मूळ अर्थच पाय घासत चालणे असा आहे. पुढच्या खेपेस मी फक्त चार स्वर वाजवले. मला रात्रभर कंटाळा आला आणि नाचणारे कोणी बसले नाही.

दुसऱ्या वेळी ड्रम ऐका, पण मोठ्या आवाजाची अपेक्षा ठेवू नका. नॅशव्हिलच्या त्या काळातील बहुतांश ध्वनिमुद्रणांवर वाजवणारे बडी हार्मन आणि त्यांच्या पिढीचे वादक ड्रमवर अतिशय कमी काम करत. अनेकदा एका हातात तारांचा ब्रश आणि दुसऱ्या हातात काडी असे. ब्रश स्नेअरच्या पानावर ‘धा–गे, धा–गे’ ही चाल कुजबुजत ठेवी आणि काडी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर स्नेअरच्या कडेवर टकटक करी. पायाखालचा मोठा ड्रम असलाच तर ऐकण्यापेक्षा जाणवण्याइतकाच. तबलावादकाला हे लगेच उमजेल, कारण साथीला बसल्यावर किती वाजवायचे नाही हेच आपल्याकडेही आधी शिकवतात. त्या काळात आणखी एक युक्ती रूढ झाली. डबल बेसच्या स्वरांवरच सहा तारांची बेस गिटार तारा हाताने दाबून वाजवायची, म्हणजे प्रत्येक गोल स्वराला टिकटिक अशी कडा मिळते. हॅरॉल्ड ब्रॅडली यासाठी ओळखले जात. ही टिकटिक एकदा कानाला सापडली की लहान स्पीकरवरही बेसची चाल कळू लागते.

तिसऱ्या वेळी फिडल. ‘क्रेझी आर्म्स’वर टॉमी जॅक्सन यांनी वाजवलेला सुरुवातीचा तुकडा पुढच्या दशकभराच्या शेकडो गाण्यांना नमुना ठरला. पूर्वीचे ग्रामीण फिडलवादक दोन तारा एकत्र घासून खडबडीत, जत्रेतला आवाज काढत. जॅक्सन यांनी एकाच तारेवर, लांब गजाने, गायकाच्या पहिल्या ओळीची चालच वाजवून दाखवली. त्यामुळे ते गाण्याला सुरुवात करून देतात आणि गायक आला की मागे सरकतात. नाट्यसंगीतात ऑर्गनवादक पद सुरू होण्याआधी मुखडा वाजवून गायकाला सुराची जागा दाखवत असे, तसे हे आहे.

स्टील गिटारसाठी मात्र एक फेरी पुरणार नाही, म्हणून थोडे थांबतो. मराठी घरांना हे वाद्य वाटते तितके अनोळखी नाही. हवाई बेटांवर उगम पावलेली, मांडीवर ठेवून लोखंडी दांड्याने वाजवायची गिटार कलकत्त्यामार्गे आणि मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांमार्गे आपल्याकडे आली. व्हॅन शिप्ले यांच्या तबकड्या आणि 1967 मध्ये ब्रिजभूषण काबरा यांनी शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आपल्यापैकी अनेकांच्या घरी होती. तेच वाद्य अमेरिकेत दुसऱ्या वाटेने गेले. तिथे त्याला पाय आले, मग पायांखाली पेडल आली. 1954 मध्ये वेब पिअर्स यांच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबून तिचा स्वर चढवला आणि एका रात्रीत सर्व स्टीलवादक आपापल्या वाद्यांना पेडल बसवण्याच्या मागे लागले.

पेडल काय करते ते सरगममध्ये सांगितले तर अगदी सोपे आहे. तीन तारांवर सा, ग, प वाजत आहेत असे समजा. एक पेडल दाबले की पंचमाची तार पूर्ण स्वराने चढून धैवत होते. शेजारचे पेडल दाबले की गंधाराची तार अर्ध्या स्वराने चढून मध्यम होते. षड्ज जागचा हलत नाही. दोन्ही पेडल एकत्र दाबली की सा-ग-प ही कॉर्ड तिथल्या तिथे सा-म-ध होते, आणि सोडली की परत येते. आपल्या मींडेत एकच स्वर प्रवास करतो. इथे दोन स्वर वेगवेगळ्या अंतरांचा प्रवास करतात आणि तिसरा खांबासारखा उभा राहतो. कंट्री संगीतातील तो रडवा, वाकणारा आवाज यातूनच येतो. त्यात उजव्या पायाखाली आवाजाचे पेडल असते. वादक तार छेडताना ते मिटलेले ठेवतो आणि छेडल्यानंतर हलकेच उघडतो, म्हणून आघात ऐकू न येता स्वर फुलत आल्यासारखा वाटतो. चित्रफितीत कॅमेरा स्टीलवादकाकडे गेला की हातांकडे पाहू नका, पायांकडे पाहा. कॅमेरावाले बहुतेक वेळा पाय दाखवत नाहीत, ही माझी त्या काळच्या चित्रणाविषयीची कायमची तक्रार आहे.

जिमी डे आणि बडी एमन्स हे प्राइस यांचे दोन मोठे स्टीलवादक. एमन्स यांनी वाद्याच्या बांधणीतही मूलभूत बदल केले; आज जगभर वापरली जाणारी रचना बऱ्याच अंशी त्यांच्या हातून घडली. 1963 च्या ‘नाइट लाइफ’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांचे वादन ऐकावे, पण तो शफल नव्हे, तर संथ, ब्लूजच्या अंगाचा ठेका आहे. ते शीर्षकगीत लिहिणारे विली नेल्सन एके काळी याच बँडमध्ये बेस वाजवत. रॉजर मिलर, जॉनी पेचेक, ड्रमवादक जॉनी बुश हेही याच बँडमधून गेले आणि पुढे स्वतः नावारूपाला आले. एखाद्या नाटक कंपनीतून पुढे स्वतंत्र कंपन्या निघाव्यात तसा हा बँड होता.

आता आपला मुख्य प्रश्न: सगळी गाणी सारखीच का वाटतात? मी हे नाकारणार नाही, कारण सांगाडा खरोखरच एक आहे. तीन कॉर्ड, ठरावीक लांबीची कडवी, मध्ये अर्धे कडवे स्टीलला आणि अर्धे फिडलला. नॅशव्हिलचे स्टुडिओवादक तर कॉर्डची नावेही लिहीत नसत. जॉर्डनेअर्स या गायकवृंदातील नील मॅथ्यूज यांनी रूढ केलेल्या पद्धतीने 1, 4, 5 असे आकडे लिहून घेत, म्हणजे गायकाने ऐन वेळी पट्टी बदलली तरी काही अडत नसे. आपली सरगम जशी कोणत्याही पट्टीला लागू पडते, तसेच हे. पण एकतालातले सगळे ख्याल एकच असे आपण म्हणत नाही. साचा समान ठेवल्यामुळेच लहान फरक मोठे होतात, आणि ते टिपण्यासाठी एकाच गाण्याची दोन रूपे शेजारी ठेवण्यासारखा उपाय नाही. ‘क्रेझी आर्म्स’च घ्या. जेरी ली लुईस यांनी 1956 अखेरीस सन कंपनीसाठी केलेली आपली पहिली तबकडी याच गाण्याची होती. तिथे जवळजवळ सगळा भार पियानो आणि ड्रमवर आहे. चालता बेस नाही, फिडल नाही, आणि गायक मात्रेच्या पुढे धावतो. प्राइस त्याच शब्दांना मात्रेच्या किंचित मागे ठेवतात. बँड ठरल्या जागी येतो, ते क्षणभर उशिरा येतात आणि ओळीच्या शेवटी हिशेब पुरा करतात. समेवर येण्याची घाई नसलेला बुजुर्ग गवई जसा खेळतो, तसे ते आहे. ध्रुवपदात वर तार सप्तकाच्या बाजूने दुसरा आवाज येतो तो व्हॅन हॉवर्ड यांचा. त्याने प्राइस यांच्या आवाजावर सावलीसारखे राहायचे असते. एक अक्षर आधी सुटले तरी सगळे फसते.

कॅलिफोर्नियाचा शफल आणखी निराळा. ‘क्रेझी आर्म्स’चे एक रचनाकार राल्फ मूनी हे स्वतः स्टीलवादक होते आणि तिथले गायक बक ओवेन्स यांच्या 1959 ते 1961 च्या सुमाराच्या गाण्यांत ते वाजवतात. त्यांचा आवाज तीक्ष्ण, उड्या मारणारा, लोणच्यातल्या मोहरीसारखा नाकात जाणारा आहे. डे किंवा एमन्स यांच्या दुधासारख्या स्वरांनंतर लगेच मूनी ऐकले की स्टील गिटार हे एकच वाद्य आहे यावर विश्वास बसत नाही. ओवेन्स यांनी पुढे शफल सोडला आणि आगगाडीसारखा सरळ धावणारा ठेका धरला. तो फार लोकप्रिय झाला. मला स्वतःला त्यांची आधीची गाणी अधिक आवडतात, पण हा बेसवाल्याचा कल आहे.

अर्नेस्ट टब यांच्याविषयी थोडे वेगळे सांगावे लागेल. गायक म्हणून ते प्राइस यांच्या पासंगालाही पुरत नाहीत. आवाज बऱ्याचदा सुराखाली जातो आणि हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होते. पण 1965 ते 1968 या काळातील त्यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांच्यामागे उभा असलेला टेक्सस ट्रुबडोर्स हा बँड पाहण्यासारखा आहे. लिऑन ऱ्होड्स गिटारवर, बडी चार्ल्टन स्टीलवर, जॅक ड्रेक बेसवर, आणि ड्रमवर जॅक ग्रीन, जे पुढे स्वतः मोठे गायक झाले. टब दोन ओळी गातात, बाजूला वळतात आणि वादकाचे नाव पुकारून त्याला पुढे बोलावतात. ऱ्होड्स मग आठ आवर्तनांत सरळ जॅझ वाजवून मागे जातात आणि टब पुन्हा जमिनीवरच्या आवाजात गाऊ लागतात. साध्या गायकीच्या चौकटीत इतके तयार वादन बसते, त्याची गोडी या विरोधातच आहे. गाणे संपल्यावर टब गिटार उलटी करतात आणि तिच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘धन्यवाद’ या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिलेला दिसतो. हे पाहून मला प्रत्येक वेळी हसू येते.

वादक इतके स्थिर का, याचेही उत्तर अशा चित्रफितींत आहे. त्या काळी मंचावर मोजके मायक्रोफोन असत. गायक आणि साथीचा गायक एकाच मायक्रोफोनसमोर, फिडलवाला आपली पाळी आली की एक पाऊल पुढे, संपली की एक पाऊल मागे. आवाजाचे संतुलन यंत्रावर नव्हे, असे पावलांनी साधले जाई. उगाच हलणारा माणूस बाकीच्यांचा आवाज बिघडवी. त्यातून चमचमत्या खड्यांचे, भरतकामाचे कोट इतके भडक असत की हालचालीची वेगळी गरजही नव्हती. आणि शफल वाजवताना शरीर सैल ठेवावे लागते, हे अनुभवाने सांगतो. खांदे आखडले की तिस्र आखडते.

शोधताना एक सावधगिरी बाळगा. 1967 मध्ये रे प्राइस यांनी ‘डॅनी बॉय’ हे गाणे व्हायोलिनांच्या मोठ्या ताफ्यासह गायले आणि भरजरी कोट टाकून साधा काळा सूट चढवला. टेक्ससमधील जुने चाहते त्यांच्यावर रुसले. 1970 च्या ‘फॉर द गुड टाइम्स’ने त्यांना पूर्वीपेक्षा मोठे यश दिले, पण त्या गाण्यांत शफल शोधलात तर सापडणार नाही. गाणारा गळा मात्र तोच, किंबहुना अधिक पिकलेला, त्यामुळे रुसण्याचे कारण मला पटत नाही. 2007 मध्ये, एक्याऐंशी वर्षांचे असताना, विली नेल्सन आणि मर्ल हॅगर्ड यांच्याबरोबर त्यांनी पुन्हा जुना ठेका धरला. तिघांत वयाने ते सर्वांत मोठे आणि गळ्याने सर्वांत ताजे होते. सहा वर्षांनी, डिसेंबर 2013 मध्ये, टेक्ससातच त्यांचे निधन झाले.

राहिला तबल्याचा प्रश्न. वाजवता येईल, आणि अवश्य वाजवावा, पण दादरा किंवा केरवा समजून नव्हे. डग्ग्यावर चारही मात्रा सारख्या वजनाने द्या. घिस्सा नको, दाब नको, फक्त गोल, पुरता टिकणारा ‘गे’. तो आपला बेस. उजव्या हाताने चाटीवर प्रत्येक मात्रेचा पहिला आणि तिसरा भाग ‘ना–ना’ असा अगदी हलका ठेवा आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेचा पहिला ‘ना’ किंचित उठवा. पहिल्या मात्रेवर सम म्हणून जोर देण्याचा मोह होईल; तो आवरणे हाच इथला खरा रियाज आहे, कारण शफलचा जोर दोन आणि चारवर असतो आणि पहिली मात्रा इतरांसारखीच एक पाऊल असते. सुरुवातीला मिनिटाला 100 मात्रांची लय धरा आणि दहा मिनिटे काहीही न बदलता वाजवा. मग ‘क्रेझी आर्म्स’ लावून त्याच्याबरोबर वाजवा आणि दुसऱ्या कडव्यावर गाण्याचा आवाज पूर्ण बंद करून स्वतःचे चालू ठेवा. अर्ध्या मिनिटाने आवाज पुन्हा वाढवलात आणि आपण बेसच्या पुढे निघून गेलेले आढळलात, तर बहुधा उजव्या हातातला तिसरा भाग लवकर पडत असेल. तो थोडा उशिरा, जवळजवळ पुढच्या मात्रेला चिकटून पडू द्या, आणि पुन्हा सुरुवातीपासून लावा.